कोपराचा कोन

कोपर कायमचं जखडायचं ठरलं, तर ते किती अंशांत जखडायचं हे पेशंटला विचारावं लागतं. हा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर फार क्वचित येते, आणि आली की मला ती आवडत नाही. गुडघा बदलता येतो, खुबा बदलता येतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले लोक तर गुडघा बदलून घ्यायला येताना कोणत्या कंपनीचा बसवणार हे इंटरनेटवर वाचून येतात आणि मला शिकवतात. कोपर मात्र अडाणी सांधा आहे. एकदा पुरता बिघडला की तो फारशा सवलती देत नाही.

मीराबाई डोंबिवली पश्चिमेच्या, मोठागावच्या खाडीकाठच्या. साठीच्या कोळीण. बाजारात त्यांचा मासळीचा ओटा होता, सासूकडून आलेला. एका पहाटे दिराच्या होडीतून उतरताना पाय सरकला आणि सगळा भार उजव्या कोपरावर आला, खाली दगड. कोपर मागच्या बाजूला निखळलं, तीन ठिकाणी हाड मोडलं आणि एक तुकडा कातडी फाडून बाहेर आला. साधारणपणे कोपर निखळतं तरी नाहीतर मोडतं तरी. दोन्ही एकदम, वर उघडी जखम, असं वर्षानुवर्षांत एखादंच येतं. असं काही आलं की आमचे शिकाऊ डॉक्टर एक्स-रे बघायला गोळा होतात. पेशंटला त्या कौतुकाचा काडीचा उपयोग नसतो.

शस्त्रक्रिया मी केली. जखम धुतली, सांधा जागेवर बसवला, पट्ट्या आणि स्क्रू घालून हाडं जुळवली. एक्स-रे बघून मी स्वतःवर खूशही झाले होते. पण जखमेत खाडीचा चिखल गेलेला, आणि चिखल माझ्यापेक्षा चिवट निघाला. पू झाला. पुन्हा धुतलं, पुन्हा झाला. शेवटी सगळं लोखंड काढलं, हाडांची कुजलेली टोकं काढली, आणि काही महिन्यांनी जखम कोरडी झाली तेव्हा कोपर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दंडाखालचा हात दोरीवर वाळत घातलेल्या बाहीसारखा लोंबत होता. पंजा मात्र शाबूत होता. बोटं हलत होती, मूठ चांगली घट्ट वळत होती. हात झोळीत दुमडून बांधला की मान खाली वाकवून त्या चमच्याने खिचडी कशीबशी स्वतःच खात होत्या.

एकदा पू झालेल्या जागी कृत्रिम सांधा बसवणं धोक्याचं. शिवाय बर्फाचे क्रेट उचलणाऱ्या बाईच्या हातात तो टिकलाही नसता. तेव्हा एकच उपाय होता. दंडाचं आणि हाताचं हाड एकमेकांना जोडून टाकायचं, म्हणजे हात पुन्हा कामाचा होतो, पण कोपरात कधीच वाकत नाही.

आता अशा वेळी पुस्तक सांगतं, काटकोनात जोडा. नव्वद अंश. पुस्तकातल्या पेशंटचा दुसरा हात धडधाकट असतो. मीराबाईंचा डावा हात लहानपणी मोडलेला, गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्यांत सरळ बांधून ठेवलेला, आणि तो जवळजवळ सरळच राहिलेला. त्या हाताने त्यांनी जन्मभर मासा धरला, पाणी ओढलं, पोर कडेवर घेतलं. तोंडापर्यंत तो कधी गेला नाही. जायची गरजही पडली नाही, कारण उजवा होता.

ओपीडीत मी हे तिघांना समजावलं. मीराबाई, त्यांचा मुलगा दिपेश आणि सून प्राप्ती. दिपेश घोडबंदरच्या एका कंपनीत लिफ्टच्या मेंटेनन्सला, त्यामुळे त्याला कोन आणि लांबी चटकन कळत होती. मी माझाच हात पुढे धरून दाखवला. आम्ही अंश पूर्ण सरळ हातापासून मोजतो, जितके जास्त तितका हात दुमडलेला. असा थोडा वाकवून, साठ अंशांत जखडला, तर तो डाव्या हाताला जाऊन भेटेल. डाव्याने मासा धरायचा, उजव्याने कोयता चालवायचा, सगळं होईल. पण तोंडापर्यंत यायचा नाही. आणि असा जास्त दुमडून, एकशेदहा अंशांत जखडला, तर घास तोंडात जाईल, पण समोरच्या मासे कापायच्या ठोकळ्यापर्यंत हात पोचायचा नाही. डाव्या हाताशी त्याची गाठ पडणार नाही.

"मधला नाय का काय?" दिपेश म्हणाला. "नव्वद?"

"नव्वदला घास हनुवटीपर्यंत येईल आणि कोयता हवेत राहील. दोन्हीकडून गेलं."

"आणि चमचा? लांब दांड्याचा?"

"खिचडीला चालेल," मी म्हणाले. "त्यांना विचार, आयुष्यभर खिचडी खाणार का."

मीराबाईंनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यापुरतं आम्ही सगळे हसलो.

ओट्याचा प्रश्न मला प्राप्तीने समजावून सांगितला. बाजारातल्या बायकांचा आपसातला नियम असा, की ओटा बसणारीचा. जिचा हात चालतो ती बसते. ओटा फार दिवस रिकामा राहिला, किंवा मालकीण नुसतीच बसून दुसरीकडून मासे कापून घ्यायला लागली, तर जुन्याजाणत्या बायका ठरवतात आणि तो दुसऱ्या गरजू बाईला जातो. मीराबाईंच्या आजारपणात त्यांनी बरेच दिवस कळ काढली होती. आता दिवाळीपर्यंत काय ते बघू म्हणाल्या होत्या. प्राप्ती स्वतः बसायचा प्रश्न नव्हता. तिचं माहेर खडवलीचं, शेतीवाडीचं. मासा तिला ताटातलाच माहीत. ती डोंबिवली पूर्वेला एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती आणि ती नोकरी तिला आवडत होती.

असा कायमचा निर्णय कागदावर समजत नाही, म्हणून मी पेशंटला आधी तो कोन जगून बघायला लावते. प्लास्टर घालायचं, एका आठवड्याला एका कोनात, दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्या. आमचा प्लास्टरवाला प्रफुल्ल याला 'साडी लावून बघणं' म्हणतो.

पहिला आठवडा साठ अंशांचा. तिसऱ्या दिवशी दिपेशने मला व्हिडिओ पाठवला. मी एरवी पेशंटचे व्हिडिओ बघत नाही, लोक काहीही पाठवतात. हा बघितला. मीराबाई ओट्यावर बसल्या होत्या, समोर जाडजूड सुरमई. डाव्या हाताने शेपटीकडून धरलेली, आणि उजव्याचा कोयता खांद्यातून येत होता. पहिले दोन घाव तिरके पडले, मग हात बसला. तुकडे एकसारखे पडायला लागले. शेजारच्या ओट्यावरची कुणीतरी काहीतरी चावट बोलली आणि सगळ्या खिदळल्या. मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मला फार बरं वाटलं. इतके महिने त्या हाताने मला नुसता वासच दिला होता.

आठवड्याने त्या आल्या तेव्हा प्लास्टरला खवले चिकटलेले होते आणि प्रफुल्लने नाकाला रुमाल लावून ते कापलं.

"मावशी, हे काय प्लास्टर आहे की सुकट?"

"खाऊन बघ," मीराबाई म्हणाल्या.

"तुम्ही जेवता कशा पण?"

"मी भरवते ना," प्राप्ती म्हणाली. "सकाळी कामाला जायच्या आधी आणि रात्री आल्यावर. काटे पण काढून देते सगळे."

"भारी आहे," प्रफुल्ल म्हणाला. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे."

मीराबाई हसल्या. मी त्यांना विचारलं, जेवण नीट जातंय ना. "जातं," त्या म्हणाल्या. "पोरीचा हात हलका हाय." मग म्हणाल्या, "बोय मासलीचे काटे कुनी काढून दिले नव्हते मना कधी. बोटांना कलतं ना, काटा खयं हाय तो. तोंडात जाईपर्यंत बोटांनीच काम केलेलं असतं." तक्रारीचा सूर नव्हता. मला ते गंमतीचं वाटलं आणि मी पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसरा आठवडा एकशेदहाचा. या वेळी व्हिडिओ आला नाही. दिपेश एकटाच भेटायला आला आणि म्हणाला, जेवते स्वतःच्या हाताने, पण बाकी नुसती बसून असते. ओट्यावर गेलेली. मासे शेजारणीने कापून दिले. दुसऱ्या दिवशी शेजारणीचंच गिऱ्हाईक जास्त, तिला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवसापासून आई गेलीच नाही. "घरात बसून बसून ती खलास होईल, मॅडम. तिला मी कधी दिवसा घरात बघितलेलंच नाय. साठच करा."

मलाही साठच बरं वाटत होतं, हे मी इथे सांगून टाकते. ओटा राहत होता, काम राहत होतं, चार बायकांत ऊठबस राहत होती. घरात मायेने भरवणारी सून होती. कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. आठवडा संपल्यावर तिघं आले तेव्हा मीराबाईंना विचारलं, तर त्यांनी दिपेशकडे बघितलं, प्राप्तीकडे बघितलं आणि मान डोलावली. मी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि तोपर्यंत हात सांभाळायला प्रफुल्लने पुन्हा साठचं प्लास्टर घातलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत मी हातावर मार्करने खूण करायला गेले. ही खूण मी स्वतः करते, कुणावर सोपवत नाही. प्लास्टर काढलेलं होतं. भूल देणारा डॉक्टर, साकेत, सुई तयार करत होता. तो हात आणि कमरेची एक बाजू तेवढी बधिर करणार होता आणि वर थोडी गुंगी देणार होता.

"मॅडम," मीराबाई म्हणाल्या, "तोंडाचा करा."

मला आधी कळलंच नाही. "काय करू?"

"तोंडापाशी येतो तो कोन. तो करा."

मला राग आला. मी मनात सगळी शस्त्रक्रिया साठ अंशांची रचून आले होते. पट्टी कुठे वाकवायची, कमरेच्या हाडाचा तुकडा किती घ्यायचा, सगळं. "अहो, ठरलंय ना आपलं? दोन आठवडे कशाला प्लास्टरं घातली मग?"

"म्हनून तर कललं."

साकेतने सुई खाली ठेवली आणि तो खोलीबाहेर गेला. शहाणा माणूस आहे.

मी स्टुलावर बसले. विचारलं, प्राप्ती काही बोलली का. दिपेश काही बोलला का. त्यांनी नाही म्हटलं. काटे काढून दिलेला मासा आवडत नाही, हे कारण आहे का, असंही मी विचारलं, कारण मला ते आठवलं आणि मी फार हुशारीचं विचारते आहे असं मला वाटलं.

"माशाचं काय, मॅडम. खाल्ला असता." त्या छताकडे बघत बोलायला लागल्या. "माज्या सासूला लकवा झालेला. चार वर्सं व्हती अंथरुनावर. दोन्ही हात गेलेले. मी भरवलं तिला. गावात अजून नाव हाय माजं, मीराबाईने सासूचं केलं म्हनून."

"मग?"

"मना बाजाराची घाई. पयले पयले नीट भरवायची. नंतर भात, कालवन, भाजी, सगलं एकत्र कालवायची न् भराभर द्यायची. तिला ते नाय आवडायचं. ती बाई जन्मभर भात येगला न् कालवन येगलं जेवलेली. मना म्हाईत व्हतं. लग्न झालं तवापासून बघत व्हते ना मी, ती कशी जेवते ती."

"त्या काही म्हणाल्या नाहीत?"

"काय म्हननार? मी रागावली तर रातचं कोन देनार?" त्या छताकडेच बघत होत्या. "ताटाकडं नाय बघायची ती. माज्या तोंडाकडं बघायची. आज कशी हाय, बरी हाय का चिडलीय, ते बघायची न् मग तोंड उघडायची."

बाहेरून ट्रॉली गेल्याचा आवाज आला. मी त्यांना जे बोलले ते कुणीही बोललं असतं. "मीराबाई, प्राप्ती तशी मुलगी नाही. मी बघितलंय ना. चांगली आहे ती."

"चांगलीच हाय," मीराबाई म्हणाल्या. "मी पन चांगलीच व्हती."

मी मार्करचं टोपण परत लावलं.

मी ओट्याबद्दल विचारलं. एवढंच विचारायचं राहिलं होतं. त्यांचे डोळे भरले आणि पुसायला एकही हात वर येईना, म्हणून मी गॉजच्या तुकड्याने पुसले. त्यांना ते आवडलं नाही हे मला दिसलं. "वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "लई वाटतं. पन ओटा गेला तर रडून मोकली व्हईन. हे रोजचं दोन टायमाचं हाय."

मी नवीन संमतीपत्र मागवलं, पुन्हा एकदा सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, साकेत आणि नर्सच्या समोर. त्यांनी पेन बोटांत धरलं, मी कागद त्याच्याखाली सरकवला आणि त्यांनी नाव लिहिलं. दिपेशला आत बोलवायचं का, असं नर्सने विचारलं. मी म्हटलं, हात त्यांचा आहे.

पुढचं काम सरळ होतं. दोन्ही हाडांची टोकं ताज्या हाडापर्यंत साफ केली, कमरेचा तुकडा मध्ये बसवला आणि पट्टी टेबलावर वाकवून घेतली. ती वाकवताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागला. हाडं तात्पुरत्या तारांनी धरली, पण स्क्रू घालण्याआधी मी थांबले. अंश मोजायचं साधन असतं आमच्याकडे, पण ते कोन सांगतं, तोंड सांगत नाही. मी त्यांचा झोपलेला पंजा उचलला आणि खांद्यातून फिरवून चेहऱ्याकडे नेला. हिरव्या कापडाखाली तोंड होतं त्या जागी बोटं टेकली. अंगठा, तर्जनी, मधलं. थोडं मागे राहत होतं, म्हणून आणखी थोडा कोन वाढवला, पुन्हा नेऊन बघितलं. मग स्क्रू घातले. एकदा शेवटचा स्क्रू घट्ट झाला की मत बदलायची सोय नसते, आणि मला या कामातलं तेच आवडतं.

बाहेर दिपेश आणि प्राप्ती बाकावर बसले होते. मी सांगितलं, शस्त्रक्रिया चांगली झाली. आणि मग सांगितलं, एकशेदहाच्या थोडं वर जखडलं आहे.

दिपेश उभा राहिला. "साठ ठरलेलं ना, मॅडम?"

"त्यांनी बदललं. आत जायच्या आधी."

"असं कसं बदललं? आणि तुम्ही ऐकलंत? तिला घाबरून काय पण बोलायची सवय आहे. मला बोलवायचं ना."

"त्या घाबरलेल्या नव्हत्या."

"मग का?"

"ते त्यांनाच विचार. सांगायचं असलं तर सांगतील."

"म्हणजे ओटा गेला," तो म्हणाला. "आजीपासूनचा ओटा." त्याचा आवाज चिडलेला होता, पण तो रडायच्या बेताला आला होता आणि माझ्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून तो मोबाइल काढून जिन्याकडे गेला. मामाला की कुणाला फोन लावून तो जोरजोरात बोलत राहिला. मला त्याचं वाईट वाटलं. तो आईचं भलंच बघत होता.

प्राप्ती बसलेलीच होती. मांडीवर पिशवी, पिशवीत सासूचे कपडे, कंगवा आणि स्टीलचा डबा. डबा तिने आदल्या रात्रीपासून भरायची तयारी केली असणार, कारण शस्त्रक्रियेनंतर काय देऊ, असं तिने मला दोनदा फोन करून विचारलं होतं.

"माझ्यामुळे ना?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "तुझ्याबद्दल त्या चांगलंच बोलल्या." यात खोटं काही नव्हतं, तरी मला ते बोलताना बरं वाटलं नाही.

तिने मान हलवली. माझ्या उत्तराकडे तिचं लक्ष नव्हतं. ती डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत होती.

"परवा मला उशीर झालेला," ती म्हणाली. "डॉक्टर लवकर येणार होते क्लिनिकला. मी सगळं एकत्रच कालवलं. भात, कालवण, भाजी, सगळं. आणि पटापट दिलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, आई, लवकर आटपा ना." तिने झाकण घट्ट दाबलं. "मी असं कधीच बोलत नाही त्यांना. हे परत साठचं प्लास्टर घालून आठवडासुद्धा झाला नव्हता, मॅडम."